ब्लॅकबर्न रोव्हर्सचा उन्हाळा कसा वाचावा

मे महिन्यात चॅम्पियनशिपचे, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीचे सामने संपतात आणि ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबच्या पाठीराख्यांच्या मागे चार प्रश्न लागतात. कोण जाणार, कोण येणार, मॅनेजर टिकणार का, आणि पुण्याहून पैसे पोहोचणार का. सप्टेंबर उजाडेपर्यंत यातून सुटका नाही. मी ऑडिटमध्ये काम करते, माझा दिवस ताळेबंदांत जातो. ऑक्टोबर २०११ मध्ये रोव्हर्स बालेवाडीत येऊन पुणे एफसीशी खेळले, ३-० जिंकले, आणि तेव्हापासून हा क्लब माझा झाला. इतक्या उन्हाळ्यांनंतर माझं मत पक्कं आहे की या क्लबचं काय होणार हे बातम्यांपेक्षा कागदांत कितीतरी आधी दिसतं. ते कागद कोणते, कधी उघडायचे आणि त्यात बोट कुठे ठेवायचं, ते इथे सांगते.

नवीन वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. क्लब १८७५ चा, १८८८ मध्ये फुटबॉल लीग स्थापन करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक. १९९४-९५ मध्ये केनी डॅल्ग्लिश मॅनेजर असताना आणि पोलादाच्या धंद्यातल्या जॅक वॉकर या गावच्याच माणसाच्या पैशावर प्रीमियर लीग जिंकलेला. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीज या कोंबडीपालनातल्या कंपनीने तो २.३ कोटी पौंडांना घेतला. महिनाभरात मॅनेजर सॅम अ‍ॅलर्डाइस गेले, स्टीव्ह कीन आले, २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली आला, २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला, २०१८ मध्ये परत दुसऱ्या श्रेणीत. तेव्हापासून मुक्काम तिथेच. २०२२-२३ मध्ये फक्त गोलफरकामुळे प्लेऑफ, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये चढण्यासाठीचे बादफेरीचे सामने, हुकले, सातवा क्रमांक. २०२४-२५ मध्ये पुन्हा सातवा.

पहिलं काम: करारांची यादी

एक साधी शीट उघडा. खेळाडूचं नाव, वय, करार कुठल्या वर्षीच्या जूनमध्ये संपतो, आणि क्लबच्या हातात एक वर्ष वाढवण्याचा पर्याय आहे का. एवढे चार रकाने पुरेत. माहिती क्लबच्याच घोषणांत मिळते. खेळाडू सही करतो तेव्हा "२०२८ च्या उन्हाळ्यापर्यंत" असं लिहिलेलं असतं, तेवढं टिपून ठेवायचं. मोसम संपला की क्लब कोणाला ठेवतोय, कोणाला सोडतोय याची यादी काढतो. त्या दिवशी आपली शीट तपासून घ्यायची.

आता शीट करार संपण्याच्या तारखेप्रमाणे लावा. ज्याचा करार पुढच्या जूनला संपतोय तो या उन्हाळ्यात विकला जाईल, नवा करार करेल, नाहीतर पुढच्या वर्षी फुकट जाईल. चौथी वाट नाही. जानेवारी उजाडला की असा खेळाडू परदेशी क्लबशी थेट बोलून आगाऊ करार करू शकतो, त्यामुळे क्लबच्या हातातलं वजन खरं तर डिसेंबरअखेर संपलेलं असतं. वर्तमानपत्रात "वीस क्लबांची नजर" असं काहीही येऊ दे, आधी या रकान्यात बघा.

आमचा फॉरवर्ड बेन ब्रेरेटन डियाझ याचं उदाहरण रोव्हर्सवाल्यांना आयुष्यभर पुरेल. आई चिलीची, म्हणून २०२१ च्या कोपा अमेरिकेत चिलीकडून खेळला. परत आला तो वेगळाच माणूस होऊन. २०२१-२२ मध्ये लीगमध्ये २२ गोल. करार २०२३ च्या जूनपर्यंत. म्हणजे २०२२ चा उन्हाळा ही विकण्याची शेवटची चांगली संधी. क्लबने ठेवून घेतला, प्लेऑफची आशा धरली, गोलफरकाने ती गेली, आणि क्लबला एक पौंडही न मिळता खेळाडू स्पेनच्या व्हियारेआलला गेला. खेळाच्या बाजूने त्या निर्णयात धाडस होतं हे मी मान्य करते. पण ज्या क्लबला दरवर्षी मालकाकडून पैसे मागावे लागतात, त्याला असं धाडस परवडत नाही. २०२५ मध्ये टायरिस डोलन तसाच करार संपवून एस्पान्योलला गेला.

याच्या उलट अ‍ॅडम व्हॉर्टन. गावातला मुलगा, लहानपणापासून अकादमीत, मोठा भाऊ स्कॉट त्याच संघात. करारात वर्षं शिल्लक होती, म्हणून फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या तारखेला क्रिस्टल पॅलेसकडून १.८ कोटी पौंड घेता आले, वर अटींनुसार मिळणारे वेगळे. त्याच उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या युरो संघात होता. विकल्याचं दुःख झालंच. तरी किंमत आली ती करारात शिल्लक राहिलेल्या वर्षांमुळे.

ताळेबंद कधी आणि कसा उघडायचा

इंग्लंडमध्ये कंपन्यांचे हिशेब कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आपल्याकडे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर कागद बघायला पैसे मोजावे लागतात, कंपनीज हाउसवर नुसतं नाव टाका आणि पीडीएफ उतरवा. क्लबचं हिशेबाचं वर्ष ३० जूनला संपतं आणि खाजगी कंपनीला हिशेब भरायला नऊ महिने मिळतात. म्हणजे मार्चअखेर जे हाती येतं ते आदल्या मोसमाचं. शिळं आहे म्हणून टाकून देऊ नका.

आधी पगार आणि उत्पन्न ही दोन ओळी शेजारी ठेवा. चॅम्पियनशिपमध्ये उत्पन्नाइतका किंवा त्याहून जास्त पगार देणारे क्लब वर्षानुवर्षं आहेत. तिकिटं, टीव्हीचे पैसे, जाहिराती सगळं मिळूनही पगार भागत नाही, मग तूट दोनच मार्गांनी भरते, खेळाडू विकून किंवा मालकाच्या खिशातून. त्यात नुकतेच प्रीमियर लीगमधून उतरलेले क्लब तीन वर्षांपर्यंत पॅराशूट पेमेंट, म्हणजे खाली उतरल्याचा धक्का सोसायला प्रीमियर लीगकडून मिळणारे पैसे, घेऊन येतात. पहिल्या वर्षी प्रीमियर लीगच्या क्लबांना समान वाटला जाणारा टीव्हीचा जो हिस्सा असतो, त्याच्या ५५ टक्के. रोव्हर्सचं पॅराशूट कधीच संपलं. तेव्हा "लेस्टरने खेळाडू घेतला, आपण का नाही" हा प्रश्न विचारण्यापूर्वी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

नंतर अमॉर्टायझेशन. नाव अवघड आहे, पण घसारा समजणाऱ्या कोणालाही हे समजेल. ५० लाख पौंडांना चार वर्षांच्या करारावर घेतलेला खेळाडू दरवर्षी साडेबारा लाखांनी पुस्तकात उतरतो. दोन वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत २५ लाख. ४० लाखांना विकला तर वृत्तपत्र लिहील "दहा लाखांचा तोटा", आणि हिशेबात दिसेल १५ लाखांचा नफा. अकादमीतल्या मुलाची पुस्तकी किंमत शून्य, म्हणून व्हॉर्टनची जवळजवळ सगळी रक्कम नफा. घरचे खेळाडू आधी का विकले जातात, हे यात आलं. मला ते आवडत नाही. हा नियम गावच्या मुलांनाच बाजारात उभं करतो आणि याबद्दल पाठीराख्यांनी बोललंच पाहिजे.

एक सावधगिरी. विक्रीचा आकडा म्हणजे बँकेत आलेली रक्कम नव्हे. पैसे सहसा हप्त्यांनी येतात, आणि आधीच्या क्लबचा पुढच्या विक्रीत वाटा असू शकतो. २०२१ मध्ये अ‍ॅडम आर्मस्ट्राँग साउदॅम्प्टनला गेला तेव्हा नफ्यातला मोठा वाटा न्यूकॅसलला द्यावा लागला, कारण त्यांनी त्याला विकताना तशी अट घातली होती. म्हणून ताळेबंदात "येणे" या बाजूला ट्रान्स्फरचे किती पैसे अडकलेत ते बघा आणि "देणे" या बाजूलाही.

लीगचा नियमही इथेच लक्षात घ्या. चॅम्पियनशिपमध्ये तीन वर्षांत जास्तीत जास्त ३.९ कोटी पौंडांचा तोटा चालतो, पण त्यातला मोठा भाग मालकाने भागभांडवल म्हणून भरलेला असला तरच. नाहीतर मर्यादा दीड कोटीवर येते. अकादमी, महिला संघ, समाजकार्य यांवरचा खर्च या मोजणीतून वजा होतो. रोव्हर्सना जुन्या नियमांखाली डिसेंबर २०१४ पासून वर्षभर खरेदीबंदी सोसावी लागली होती. त्यातून सुटका झाल्यावर पुढच्याच जानेवारीच्या खिडकीत, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या ठरलेल्या मुदतीत, स्ट्रायकर जॉर्डन ऱ्होड्स मिडल्सब्रोला विकला गेला.

आणि मला सर्वात उपयोगी वाटणारी दोन ठिकाणं, जी बहुतेक लोक उघडतच नाहीत. पहिलं, "ताळेबंदानंतरच्या घटना" ही टीप. ३० जूननंतर कोण विकला, कोण घेतला आणि साधारण किती रकमेला, हे क्लब एरवी "रक्कम जाहीर नाही" म्हणून टाळतो, पण इथे सगळ्यांची मिळून बेरीज बऱ्याचदा सापडते. दुसरं, गोइंग कन्सर्नची टीप. पुढचे बारा महिने क्लब चालू राहील असं संचालक कशाच्या आधारावर म्हणतात? रोव्हर्सच्या बाबतीत तो आधार म्हणजे पालक कंपनीचा पाठिंबा. त्या परिच्छेदातले शब्द गेल्या वर्षीच्या शब्दांशी ताडून बघा. एखादं "मात्र" किंवा "अनिश्चितता" नव्याने आली असेल तर ऑडिटरने ते उगाच लिहिलेलं नसतं. मी स्वतः असे परिच्छेद लिहिते, एकेका शब्दावर तासभर वाद होतो.

वर्षातून कधीही बघण्यासारखं आणखी एक आहे. मालकाने पैसे भागभांडवल म्हणून घातले की नवे शेअर वाटल्याचा एसएच०१ नावाचा फॉर्म कंपनीज हाउसकडे जातो. त्यावर तारीख असते, रक्कम असते. क्लबच्या पानावर सूचना लावून ठेवा, फॉर्म आला की ईमेल येते. जुलैत असा फॉर्म आला की मला बरं वाटतं. आठवडेच्या आठवडे काही आलं नाही की मी खरेदीच्या बातम्या वाचणं सोडून देते.

पैशाची वाट: पुणे, दिल्ली, ब्लॅकबर्न

इथे मराठी वाचक लँकशायरच्या, म्हणजे ब्लॅकबर्नच्या परिसरातल्या वाचकाच्या पुढे आहे, त्याचा फायदा घ्या. व्यंकीजचा पैसा भारतातून जातो, म्हणजे परकीय चलनाचे भारतीय कायदे त्याला लागू. २०२३ पासून रोव्हर्सच्या बातम्यांत अंमलबजावणी संचालनालयाची चौकशी आणि दिल्ली उच्च न्यायालयातल्या तारखा दिसू लागल्या. पैसे पाठवायला तेव्हा न्यायालयाची परवानगी लागायची, सोबत बँक गॅरंटी, आणि सुनावणी पुढे गेली की सगळं लांबणीवर. ब्लॅकबर्नमधली माणसं दिल्लीतल्या तारखांची वाट बघत बसली होती, हे तिथल्या पाठीराख्यांना समजावून सांगताना माझ्या भाच्याची दमछाक व्हायची. तो प्रेस्टनला नोकरीला आहे, रोव्हर्सच्या ईवूड पार्क मैदानावर जातो, आणि शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा त्याला विचारायचे, "तारीख पुढे ढकलली म्हणजे नक्की काय झालं?" आपल्याला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

चौकशी म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे, हे स्पष्ट लक्षात ठेवा आणि कोणी समाजमाध्यमावर बेछूट आरोप केले तर त्यात सामील होऊ नका. आपल्या कामाचं एवढंच की वाट मोकळी आहे का. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रकरणाची पुढची तारीख आणि आदेश बघता येतात. मालकाची इच्छा आणि पैसे पाठवण्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या घराण्याने पंधरा वर्षांत क्लबमध्ये प्रचंड पैसा घातलाय, ते नाकारणं अन्याय होईल. माझी तक्रार वेळेबद्दल आहे. जूनमध्ये मिळालेला रुपया आणि ऑगस्टच्या अखेरीस मिळालेला रुपया यांनी सारखा खेळाडू येत नाही.

खर्चाचा हात कुठे आखडला जातो तेही बघा. २०२५ मध्ये क्लबने महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून मागे घेतला, कारण त्या श्रेणीच्या अटी पूर्ण करण्याइतका खर्च करायचा नव्हता. मुलींचा संघ खालच्या श्रेणीत गेला. मला त्याचा संताप आला आणि अजून येतो. महिला संघावरचा खर्च तोट्याच्या मोजणीत धरलाच जात नाही, म्हणजे इथे नियमांची सबब नव्हती. मोठ्या ताळेबंदात ती रक्कम किरकोळ असते. किरकोळ खर्च जिथे नको होतो, तिथे मोठ्या खरेदीची आशा धरू नये.

मॅनेजर काय बोलतो यापेक्षा कधी जातो

उन्हाळ्यात मॅनेजरच्या मुलाखती ऐकाव्या, पण कान वेगळ्या गोष्टीकडे असावा. "किती खेळाडू हवेत" हे सगळेच सांगतात. "किती बजेट आहे ते मला कळलंय" असं तो म्हणतो का? जुलैच्या सरावसामन्यांपर्यंतही म्हणत नसेल, तर बहुधा ते ठरलेलंच नाही. दुसरी खूण म्हणजे तो क्लबबद्दल बोलताना "आम्ही" म्हणतो की "ते".

तारखा शेजारी मांडल्या की मला एक साम्य दिसतं. योन डाल टोमासन ९ फेब्रुवारी २०२४ ला गेला. जॉन युस्टास १३ फेब्रुवारी २०२५ ला डर्बी काउंटीला गेला. दोघंही जानेवारीची खिडकी बंद झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत. युस्टास निघाला तेव्हा रोव्हर्स पाचव्या स्थानावर होते आणि डर्बी उतरणीच्या जागेत! प्लेऑफच्या जागेवरचा संघ सोडून माणूस तळाशी असलेल्या संघाकडे गेला, याचा अर्थ प्रत्येकाने आपापला लावावा. मी असा लावते की मॅनेजर जूनमध्ये शब्द घेतो, ऑगस्टमध्ये तो अर्धा पाळला जातो, उरलेला जानेवारीवर ढकलला जातो आणि फेब्रुवारीत त्याचा धीर संपतो. युस्टासनंतर व्हॅलेरियन इस्माएल आला आणि त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात कर्णधार लुईस ट्रॅव्हिस डर्बीला, डॉमिनिक हायम रेक्सहॅमला, कॅलम ब्रिटन मिडल्सब्रोला गेला. मॅनेजर बदलतो, करारांची शीट तीच राहते. म्हणून नवा माणूस आला की त्याची खेळण्याची पद्धत शोधण्याआधी त्याला मिळालेल्या संघात किती जणांचा करार वर्षाहून कमी उरलाय ते मोजा.

शेवटचा आठवडा

खिडकी बंद व्हायच्या दिवसांत अफवा चाळायला एकच चाळणी वापरा: ही बातमी कोणाच्या फायद्याची? खेळाडूचा करार संपत आला असताना अचानक तीन मोठे क्लब त्याच्यामागे लागले, तर बातमी एजंटकडून आलेली असण्याची शक्यता मोठी. क्लबच्या गावातलं दैनिक काय म्हणतं त्याला जास्त वजन द्या, लँकशायर टेलिग्राफचे वार्ताहर रोज सराव मैदानाशी संबंध ठेवून असतात. आणि आकडे मोठे असले तरी मेडिकल झाली का, सही झाली का, आणि लीगकडे नोंदणी झाली का, हे तीन टप्पे वेगळे समजा.

तिसऱ्या टप्प्याचं महत्त्व रोव्हर्सएवढं कोणाला माहीत असणार. जानेवारी २०२३ च्या शेवटच्या रात्री नॉटिंगहॅम फॉरेस्टचा लुईस ओब्रायन लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरता उसना येणार होता. कागद वेळेत पोहोचले नाहीत, लीगने नोंदणी नाकारली. बरोब्बर वर्षाने ऑर्लँडो सिटीचा डंकन मॅग्वायर विमानाने येऊन थांबला होता, तेव्हाही कागदांतल्या चुकीने सौदा मोडला. अपील केलं, उपयोग झाला नाही. दोन तरुण खेळाडूंच्या आयुष्यातले महिने त्यात गेले. शेवटच्या दिवसावर काम ठेवणाऱ्या कार्यालयात हेच होतं, मग ते कर भरण्याचं असो नाहीतर सेंटर फॉरवर्ड आणण्याचं.

भारतातून बघणाऱ्यांनी वेळ नीट मांडावी. उन्हाळ्यात इंग्लंड आपल्यामागे साडेचार तास असतं, हिवाळ्यात साडेपाच. २०२५ ची उन्हाळी खिडकी तिथे १ सप्टेंबरला संध्याकाळी सातला बंद झाली, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकरा. रात्री अकराला झोप आली तर खुशाल झोपा. त्या वेळेपर्यंत मेडिकल सुरू झाली नसेल तर सौदा होण्यासारखा उरलेला नाही.

सकाळी उठून शीट पुन्हा उघडा. गेलेल्यांची नावं खोडा, आलेल्यांच्या कराराच्या तारखा भरा, लोनवर आलेल्यांना वेगळा रंग द्या, कारण ते पुढच्या मेमध्ये परत जाणार. कुठल्या जागेवर एकच माणूस उरलाय ते बघा. ज्यांचा कुठेच करार नाही असे खेळाडू खिडकी बंद झाल्यावरही घेता येतात, तेव्हा डावा बॅक रिकामा असेल तर सप्टेंबरभर तिकडे लक्ष ठेवा. मग ३१ डिसेंबरपर्यंत ज्यांच्याशी नवा करार व्हायलाच हवा अशांची नावं वर घ्या आणि क्लबच्या पाठीराख्यांच्या बैठकीला ती यादी पाठवा. त्या बैठकांचे इतिवृत्त प्रसिद्ध होतात. "महत्त्वाकांक्षा काय आहे" असं विचारलं तर गोलमोल उत्तर मिळतं. "या तिघांचे करार जूनमध्ये संपतात, बोलणी सुरू आहेत का" असं नावं घेऊन विचारा, आणि जे उत्तर येईल ते त्यांच्या नावासमोर लिहून ठेवा.